खेळण्याचा लॉट नंबर कुठे आहे?

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्युरो,
मानक भवन, बहादूर शाह जफर मार्ग, नवी दिल्ली.

महोदय,

चाकणच्या एमआयडीसीतल्या छोट्या पुरवठादाराला मोटारीसाठी रबराची एक चकती द्यायची असली, तरी ती कशाकशाची बनली आहे हे आधी कळवावं लागतं. नुसतं ‘रबर’ लिहून भागत नाही. त्यातला घटक कोणता, त्याचं वजन किती, प्रमाण किती टक्के, हे सगळं आयएमडीएस नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रणालीत भरायचं. ऑडी, बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्होल्वो वगैरे कंपन्यांनी २००० साली ती उभी केली. त्याच वर्षी युरोपीय संघाने मोडीत निघणाऱ्या वाहनांचा कायदा केला आणि जुलै २००३ पासून नव्या गाड्यांत शिसं, पारा, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम यांना, ठरावीक अपवाद सोडून, मज्जाव झाला. शिशाची मर्यादा प्रत्येक एकजिनसी पदार्थात ०.१ टक्का, कॅडमियमची ०.०१ टक्का. भोसरीतल्या शेडमध्ये चार मशिनं टाकून बसलेला उद्योजकही आज हे आकडे तोंडपाठ सांगतो, कारण चुकलं तर अख्खा लॉट परत येतो.

पिंपरी-चिंचवड–चाकणच्या या पट्ट्यात अशी माणसं हजारोंनी आहेत. इनकमिंग इन्स्पेक्शन, टेस्ट सर्टिफिकेट, रिजेक्शन, ‘माल होल्डवर टाक’ ही त्यांची रोजची भाषा. आठवडाभर तपासण्या करून दमलेला त्यांच्यातलाच एखादा क्वालिटी इन्स्पेक्टर शनिवारी चाकणच्या आठवडे बाजारात जातो, भाजी घेतो आणि परतताना गाड्यावरची पन्नास रुपयांची पिवळीधमक बाहुली लेकीच्या हातात देतो. बाहुलीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लॉट नंबर नाही. आयएसआयचं चिन्ह नाही. घरी पोचेपर्यंत बाहुलीचा हात लेकीच्या तोंडात गेलेला असतो.

हे पत्र त्या बाहुलीबद्दल आहे.

आधी श्रेय द्यायला हवं. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. काही अपवाद सोडता चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं कोणतंही खेळणं, देशात बनलेलं असो की बाहेरून आलेलं, ब्युरोच्या परवान्याशिवाय आणि आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. त्याआधी आयात खेळण्यांचे नमुने अधूनमधून तपासले जात. २००९ च्या जानेवारीत तर चिनी खेळण्यांवर सरसकट सहा महिन्यांची बंदी घातली गेली आणि ती दोनेक महिन्यांत सैलही करावी लागली. त्या धरसोडीच्या मानाने २०२१ ची व्यवस्था कितीतरी पक्की आहे.

आयएस ९८७३ च्या तिसऱ्या भागातली चाचणी तर पालकांना मुद्दाम सांगावी अशी आहे. खेळण्याचा रंग किंवा प्लॅस्टिक खरवडून त्याचा बारीक भुगा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. तापमान ३७ अंश, म्हणजे अंगाइतकं. एक तास ते मिश्रण हलवत ठेवतात, एक तास तसंच ठेवतात आणि मग आम्लात किती धातू उतरला ते मोजतात. मुलाने रंगाचा पोपडा गिळला, तर त्याच्या पोटात काय होईल, याची ही प्रयोगशाळेतली नक्कल. शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा ६०. अँटिमनी, बेरियम, क्रोमियम आणि सेलेनियम धरून एकूण आठ मूलद्रव्यं. मानकाचा नववा भाग थॅलेटांसाठी आहे. कडक पीव्हीसी मऊ, लवचीक व्हावं म्हणून त्यात ही तेलकट रसायनं मिसळतात. ती प्लॅस्टिकला घट्ट बांधलेली नसतात. चावलं, चोखलं की लाळेत उतरतात. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात त्यांची ढवळाढवळ होते, म्हणून युरोपने १९९९ साली तान्ह्या मुलांच्या चोखण्याच्या खेळण्यांत त्यांच्यावर तातडीने बंदी घातली आणि २००५ मध्ये ती कायम केली.

कागदावर तर काही कमी नाही. मग पालकांना काळजी का वाटावी?

कारण आदेश येण्याआधी बाजारात काय होतं ते पुरतं उघड झालेलं आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या बाजारांतून आयात खेळण्यांचे १२१ नमुने उचलले. त्यातले ६७ टक्के नापास झाले. अनेक खेळणी टोकं-कडा, तुटणारे भाग अशा यांत्रिक कारणांनी नापास झाली, काही थॅलेटांमुळे, काही पेट घेण्याच्या चाचणीत. त्याही आधी, दिल्ली, मुंबई आणि चेन्नईच्या बाजारांतून आणलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांत शिसं आणि कॅडमियम सापडल्याचा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये २००७ साली छापून आला होता. २०१० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २४ खेळणी तपासली. सगळ्यांत थॅलेट निघाले आणि ४५ टक्के खेळण्यांत ते आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या वर होते. त्या चोवीसमध्ये भारतीय बनावटीची खेळणीही होती, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. ‘चिनी माल म्हणजे विष आणि आपला माल म्हणजे अमृत’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. रसायनशास्त्र त्याला दुजोरा देत नाही.

जगातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण या पट्ट्यातल्या माणसाला पुरवठा साखळीच्या भाषेत चटकन कळेल. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅटेल या बलाढ्य अमेरिकी कंपनीने फिशर-प्राइस छापाची सुमारे १५ लाख खेळणी जगभरातून परत मागवली. रंगात शिसं होतं. खेळणी बनवली होती चीनच्या फोशान शहरातल्या ली डेर नावाच्या कारखान्याने आणि त्याला रंग दिला होता दुसऱ्याच कोणी. कंपनी, तिचा कंत्राटदार, कंत्राटदाराचा रंगवाला: म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने टियर वन, टियर टू, टियर थ्री. नाव मोठं होतं, पहिल्या पायरीवर तपासणीही होती; माती खाल्ली ती शेवटच्या पायरीवर. ली डेरच्या मालकाने त्याच महिन्यात आत्महत्या केली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेने कायदा बदलला. आज तिथे मुलांच्या वस्तूंच्या रंगात दशलक्ष भागांत ९० आणि बाकीच्या भागांत १०० यापेक्षा जास्त शिसं चालत नाही.

मॅटेल प्रकरणाच्या आदल्या वर्षी मिनियापोलिसमध्ये चार वर्षांच्या एका मुलाने बुटांच्या जोडीवर फुकट मिळालेलं बदामाच्या आकाराचं छोटं लॉकेट गिळलं होतं. ते जवळपास निव्वळ शिशाचं निघालं. मूल दगावलं. असे मृत्यू विरळ असतात, आणि त्यामुळेच शिशाचा खरा धोका नजरेआड राहतो. मुलाला ताप येत नाही, उलट्या होतातच असं नाही. लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते, अभ्यासात मागे पडतं. घरचे म्हणतात, मूल हट्टी आहे.

पिंपरी-चिंचवडमधल्या पालकांना यात एक जादा धास्ती आहे, ती पोषणाची. लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात लोह कमी असेल, तर शोषण आणखी वाढतं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत. त्यातल्या अनेक मुलांच्या शरीरात शिशाला दार आधीच सताड उघडं आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज मांडला. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. अमेरिकेने तर २०२१ पासून दखल घेण्याची पातळी साडेतीनवर आणली आहे. हे सगळं शिसं खेळण्यांतून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचे धंदे, भेसळीची हळद, भांडी, रंग हे मोठे वाटेकरी आहेत, आणि खेळण्यांच्या नावाने उगाच घबराट पसरवण्यात काही अर्थ नाही. पण बाकीच्या गोष्टी मूल स्वतः उचलून तोंडात घालत नाही. खेळणं घालतं.

आता प्रश्न अंमलबजावणीचा.

ब्युरोने आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हात बांधून बसणं पत्करलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत ब्युरोने जाहीर केलं की, महिनाभरात देशात ४४ छापे घालून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केली. ती विमानतळांवरच्या आणि मॉलमधल्या चकचकीत दुकानांत मिळाली. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि स्नॅपडील यांना प्राधिकरणाच्या नोटिसा गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांवर छापे पडले. गुरुग्राममधल्या फ्लिपकार्टच्या गोदामात १३४ खेळणी बिनचिन्हाची निघाली. कारवाई योग्यच होती. पण ती कुठे झाली ते पाहावं: विमानतळ, मॉल, गोदाम. जिथे पत्ता आहे, पावती आहे, संगणकात साठ्याची नोंद आहे.

आपल्याकडचं मूल तिथे खेळणी घेत नाही. पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास ओळीने लागलेली दुकानं, पदपथावरची ‘हर माल’ची चादर, नाशिक फाट्याच्या सिग्नलवर गाडीच्या काचेला चिकटवून दाखवला जाणारा फुगीर ससा, भोसरीच्या यात्रेतले स्टॉल, आळंदी-देहूच्या वारीत मांडलेल्या पिपाण्या, भिंगऱ्या आणि प्लॅस्टिकचे मोबाइल: बाजार हा आहे. २०११ च्या जनगणनेतच पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या चाळींत राहतात. बारा-पंधरा हजारांच्या पगारात पोराला खेळणं घ्यायचं म्हणजे गाड्यावरच घ्यायचं. मॉलमधल्या छाप्याने त्याच्या पोराचं काय भलं होणार?

गाड्यावरचा माल येतो कुठून, याचाही थोडा अंदाज आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर नेलं. सरकारी आकड्यांप्रमाणे खेळण्यांची आयात २०१८-१९ मधल्या ३७ कोटी १० लाख डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर उतरली. देशी कारखानदारांना बळ मिळालं, ब्युरोने दीड हजारांवर परवाने दिले, हे चांगलंच झालं. पण ७० टक्के शुल्क आणि वर परवान्याची अट म्हटल्यावर चोरट्या वाटेचं आमिषही तेवढंच वाढतं. २०२५ च्या पावसाळ्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने ठिकठिकाणी मिळून १० कंटेनर पकडले. कागदोपत्री शोभेची झाडं, कीचेन, पेन्सिलचे डबे. आत मात्र चिनी खेळणी, बनावट सौंदर्यप्रसाधनं आणि बूट, एकूण १६० टन. पकडले ते दहा. न्हावा शेवा बंदराहून चाकण ट्रकने अर्ध्या दिवसाच्या आतच आहे, आणि या रस्त्यावर कंटेनरची कोणाला नवलाई नाही.

पण सगळं खापर बंदरावर फोडूनही चालणार नाही. प्लॅस्टिकच्या धंद्यात भंगार वितळवून पुन्हा केलेला ‘दाणा’ मिळतो. नव्या दाण्याहून तो स्वस्त, आणि काळा रंग टाकला की आत काय काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. आयपेन या संस्थांच्या जाळ्याने २०१७ मध्ये २६ देशांतल्या बाजारांतून रंगीत चौकोनांचे कोडे-ठोकळे आणि तशी खेळणी गोळा केली. नव्वद टक्के नमुन्यांत आगरोधक ब्रोमिनयुक्त रसायनं होती. खेळण्याला आगरोधक कोण कशाला घालेल? ती आली होती जुन्या संगणकांच्या आणि टीव्हींच्या बाहेरच्या कवचांतून, भंगारातून, दाण्यातून. भंगार म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडला कोणी शिकवायला नको. चिखली-कुदळवाडीत भंगाराची केवढी दुनिया वसली होती, ते महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली चार हजारांवर बांधकामं आठवडाभरात पाडली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. कुदळवाडीच्या दाण्याची खेळणी झाली असं इथे कोणी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की, दाणा कुठून आला, हे खेळणं बनवणाऱ्याला विचारण्याची पद्धत लहान धंद्यात नाही. मोटारीच्या बंपरच्या बाबतीत ती आहे.

रंगाचंही तेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दशलक्ष भागांत ९० च्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. पिवळा आणि नारिंगी भडक करणारं लेड क्रोमेट अजून हद्दपार झालेलं नाही. पीव्हीसीच्या पाइपांतून शिसं टप्प्याटप्प्याने काढण्याचे नियम २०२१ मध्ये आले. नळाच्या पाइपाला जे संरक्षण मिळालं, ते हर मालच्या बाहुलीला मिळेल तेव्हा खरं.

आता मागणीकडे. ती मोठ्या खर्चाची नाही, आणि या पट्ट्याला साजेशी आहे.

इथल्या कारखान्यांत आणि खाजगी प्रयोगशाळांत एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं पिस्तूलवजा यंत्र असतं. धातूवर टेकवलं की काही सेकंदांत त्यात कोणतं मूलद्रव्य किती ते पडद्यावर दिसतं. आलेलं पोलाद खरंच सांगितलेल्या ग्रेडचं आहे का, हे स्टोअरमधला मुलगा त्यानेच पडताळतो. तेच यंत्र खेळण्यावर धरलं, तर शिसं, कॅडमियम, पारा, ब्रोमिन यांचा पत्ता लागतो. थॅलेट त्याला दिसत नाहीत, पण क्लोरीन दिसतं. क्लोरीन भरपूर म्हणजे माल पीव्हीसीचा, म्हणजे पुढची चाचणी हवी. हे यंत्र वस्तूतलं एकूण प्रमाण दाखवतं आणि मानक आम्लात उतरणारं प्रमाण मोजतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावर कोणाला शिक्षा करता येणार नाही, हे मान्य. चाळणी लावायला ते पुरेसं आहे. ब्युरोच्या पुणे शाखेने महिन्यातून एकदा पिंपरी कॅम्पात, चाकणच्या बाजारात, भोसरीत टेबल टाकावं. पालकांनी घरातली खेळणी आणावीत, दुकानदारांनी दुकानातली. संशयास्पद निघेल ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावं. या पट्ट्यातल्या उद्योजकांच्या संघटनांकडे यंत्रं आणि ती चालवणारी माणसं मागितली, तर नाही म्हणणारे थोडेच निघतील. सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांना बाकं देऊन झाली, आता हेही करून पाहावं.

निकाल लपवू नयेत. कोणतं खेळणं कुठे नापास झालं, छायाचित्रासह, मराठीत, सगळ्यांना दिसेल असं छापावं. युरोपीय संघ दर आठवड्याला धोकादायक वस्तूंची यादी जाहीर करतो आणि त्यात खेळणी सतत असतात. तिथली आई मोबाइलवर ती पाहते. आपल्याकडे गाड्यांच्या बाबतीत ही सवय लागलेली आहे. वाहन कंपन्यांनी २०१२ पासून स्वेच्छेने आणि एप्रिल २०२१ पासून कायद्याने सदोष गाड्या परत मागवायच्या असतात, आणि अमुक मॉडेलचा अमुक भाग परत बोलावला ही बातमी चाकणमध्ये चहाच्या टपरीवर चर्चेला येते. माल परत मागवण्याचा अधिकार ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यातही आहे, ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूदही आहे. तो अधिकार खेळण्यांसाठी वापरल्याची बातमी टपरीपर्यंत पोचलेली नाही.

कारवाई करताना मात्र गाडेवाल्यापासून सुरुवात करू नये. बिनचिन्हाचा माल विकणाऱ्याला कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे. दिवसाला पाचशे रुपये सुटणाऱ्या माणसाला हा दंड लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याला माल देणारा घाऊक व्यापारी पुण्या-मुंबईच्या पेठांत बसलेला आहे, त्याच्याकडे बिलं आहेत, त्याच्या वर आयातदार आहे. गाड्यावर नापास झालेल्या खेळण्यावरून उलटं चालत जावं. कारखान्यात सदोष भाग सापडला, तर मूळ कारण शोधत असंच मागे जातात. लहान उत्पादकांना स्वतःच्या प्रयोगशाळेच्या अटीतून ब्युरोने काही वर्षांची सवलत दिली ती योग्य होती. ती संपेल तिथे सामाईक प्रयोगशाळेची सोय हवी, नाहीतर ते परवान्याच्या बाहेरच राहतील. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली उत्पादनं आदेशातून वगळलेली आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांना आणि भातुकलीला परवान्याच्या फेऱ्यात अडकवू नये, हे बरोबरच. पण बिनशिशाचा तपासलेला रंग त्यांना माफक दरात मिळेल, एवढी व्यवस्था सरकारने करायला कोणाचीच हरकत नसावी.

पालकांनीही थोडं करायला हवं. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह कोणीही छापतो. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कशासाठी, चालू आहे की रद्द, ते कळतं. तक्रारही तिथूनच करता येते. गाडीचा सुटा भाग अस्सल आहे का, ते बारकाईने पाहणाऱ्या गावात हे अवघड नाही. पोपडे निघणारा रंग, उग्र वासाचं मऊ प्लॅस्टिक, हाताला तेलकट लागणारी बाहुली तान्ह्या मुलापासून लांब ठेवावी. आणि महापालिकेच्या बालवाड्यांसाठी खेळण्यांची खरेदी होते, तेव्हा पालकांनी चाचणीचा अहवाल मागावा. शाळांमधून ब्युरोने मानक क्लब काढले आहेत. सातवी-आठवीतल्या मुलांना हे क्रमांक पडताळण्याचं काम दिलं, तर घोषवाक्यांच्या स्पर्धेपेक्षा त्यांना त्यात जास्त रस वाटेल.

युरोपीय संघाने २०२५ च्या अखेरीस खेळण्यांसाठी नवा नियम मंजूर केला. २०३० पासून तिथल्या प्रत्येक खेळण्याला डिजिटल पासपोर्ट असेल. त्यावरचा कोड टिपला की ते कोणत्या नियमांना उतरलं ते दिसेल. चाकणमधल्या पुरवठादाराला यात नवं काही वाटणार नाही. तो हे काम वीस वर्षं करतो आहे, फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी.

येत्या कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर खेळण्यांची दुकानं लागतील. ब्युरोच्या पुणे शाखेने पहिलं तपासणीचं टेबल तिथे लावावं, शंभर खेळणी तपासावीत आणि निकाल पंधरा दिवसांत मराठीत जाहीर करावा, अशी या भागातल्या पालकांच्या वतीने विनंती आहे. यंत्रांची आणि माणसांची जमवाजमव इथले लोक करतील. ब्युरोने तारीख कळवावी.



पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील एक पालक